दुधाच्या पिशवीचे ५० पैसे: २०१८ च्या प्लास्टिकबंदीतलं मागे पडलेलं कलम

रानजाई:

२३ मार्च २०१८ ची महाराष्ट्र शासनाची प्लास्टिक आणि थर्माकोलबद्दलची अधिसूचना इथे कितीजणांनी मुळातून वाचली आहे? बंदी सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्यांदा सापडलात तर ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि ३ महिन्यांची कैद, हेही अनेकांना पाठ आहे, कारण दंडाचे आकडे त्या वेळी सगळीकडे झळकले होते. पण त्याच अधिसूचनेत, माझ्या मते बंदीपेक्षाही मोलाची, दुसरी एक तरतूद होती. दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परताव्याची किंमत छापायची. पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्यांवर आकाराप्रमाणे १ किंवा २ रुपये. रिकामी वस्तू परत केली की पैसे परत. ती गोळा करण्याची व्यवस्था उत्पादक आणि विक्रेत्यांनी उभी करायची.

जून २०१९ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधानसभेत सांगितलं, की राज्यात रोज सुमारे १ कोटी दूधपिशव्या वापरल्या जातात, त्यातून रोज ३१ टन प्लास्टिक कचरा होतो आणि महिनाभरात ही ५० पैशांची योजना सुरू होईल. त्यानंतर आमच्या भागात एकाही दूधवाल्याने कुणाला ५० पैसे परत दिलेले मी पाहिलेले नाहीत.

आता याच दोन आकड्यांचा हिशेब मांडू. ३१ टनांना १ कोटीने भागलं तर एक पिशवी साधारण ३ ग्रॅमची. म्हणजे एका किलोत सव्वातीनशेच्या आसपास पिशव्या. प्रत्येकीला ५० पैसे, तर किलोला १६० रुपये! भंगारवाला दूधपिशवीला किलोमागे जे देतो त्याच्या हे कितीतरी पट आहे. १६० रुपये किलोची वस्तू गटारात सहसा कुणी टाकणार नाही, आणि टाकली तरी दुसरं कुणी ती उचलेलच.

आपण काय केलं ते बघा. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईची गटारं पिशव्यांनी तुंबलेली दिसली. २००६ मध्ये अविघटनशील कचऱ्याचा कायदा आला, ५० मायक्रॉनखालच्या (मायक्रॉन हे जाडीचं माप) पिशव्या बंद झाल्या. मग २०१८ ची अधिसूचना. केंद्राने २०१६ च्या नियमांत ५० मायक्रॉन ठरवले, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. १ जुलै २०२२ पासून चमचे, ताटल्या, स्ट्रॉ, फुग्याच्या काड्या, मिठाईच्या खोक्यावरचं पातळ आवरण देशभर बंद. इतकी वर्षं पथकं भाजीवाल्या मावशीच्या टोपलीखाली हात घालून पिशव्या शोधत आहेत. त्या मावशीला दिवसभरात जे सुटतं त्यात ५ हजार रुपये कसे बसतात, याचा विचार हा दंड ठरवताना कुणी केला असेल असं वाटत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की कचऱ्याला किंमत दिली तर तो उचलला जातो. ती किंमत वस्तू बनवणाऱ्याने द्यावी असं २०१८ मध्ये आपल्याच राज्याने लिहून ठेवलं होतं. हे कलम का अडलं, कुठे अडलं आणि पुन्हा कसं उभं करता येईल, यावर इथल्या दूधव्यवसायातल्या, प्लास्टिक धंद्यातल्या आणि कायदा जाणणाऱ्या मंडळींनी लिहावं.

सदाफुली:

पूर्ण सहमत. आमच्याकडे सासूबाई दूधपिशव्या धुऊन दोरीवर वाळवतात आणि रद्दीवाल्याला देतात. तो वर्तमानपत्राबरोबर वजन करून घेतो. चिप्सच्या पुड्या मात्र तो हातानेच बाजूला काढतो. एकाच घरातलं प्लास्टिक, पण एकाला भाव आहे म्हणून ते दोरीवर आणि दुसऱ्याला नाही म्हणून ते घंटागाडीत.

साचा:

मी प्लास्टिक मोल्डिंगमध्ये आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१८ साली आमच्या औद्योगिक वसाहतीत पिशव्या, कप आणि डबे बनवणारे लहान गाळेवाले बरेच होते. अधिसूचना निघाली आणि साठा संपवायला तीन महिने मिळाले. २३ जूनपासून कारवाई सुरू. उत्पादकांच्या संघटना उच्च न्यायालयात गेल्या, पण एप्रिलमध्येच न्यायालयाने स्थगिती नाकारली. बंदी चूक होती असं मी म्हणत नाही. पातळ पिशवी गोळा करणं कुणालाही परवडत नाही, ती जायलाच हवी होती. पण कर्ज काढून घेतलेल्या यंत्राचं काय करायचं, ते यंत्र दुसऱ्या कशाला वापरता येईल का, त्यासाठी बँकेकडून मुदत मिळेल का, याबद्दल एक ओळही नव्हती. मोठ्या कंपन्यांच्या वेष्टनांना मात्र पहिल्या दिवसापासून मुभा, कारण ती कारखान्यातच मालावर चढतात. ३० जूनला किराणा दुकानातल्या ५० मायक्रॉनवरच्या पाकिटांनाही सूट मिळाली. सुटली नाही ती फक्त आमची माणसं.

आता दूधपिशवी आणि चिप्सची पुडी यातला फरक. दूधपिशवी म्हणजे पॉलिएथिलीन, आमच्या भाषेत एलडी. धुतली, वाळवली, वितळवली की दाणा होतो. त्या दाण्यापासून पाइप, ताडपत्री, कुंड्या, काळ्या पिशव्या बनतात. चिप्सच्या पुडीत पॉलिप्रॉपिलीन, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ मुलामा आणि आतून आणखी एक थर. हे थर वेगळे करणारी यंत्रणा आपल्याकडे परवडेल अशा खर्चात नाही. म्हणून पुडी जाते सिमेंटच्या भट्टीत, तेही कुणी गोळा केली तर.

२०१६ च्या केंद्रीय नियमांत लिहिलं होतं, की ज्याची पुनर्प्रक्रिया होत नाही असं बहुथरी प्लास्टिक दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायचं. २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. नुसती पुनर्प्रक्रिया होत नसेल तर बंद, असं राहिलं नाही. ज्यातून ऊर्जाही मिळवता येत नाही किंवा ज्याचा दुसरा कसलाच उपयोग नाही, तेवढंच बंद करायचं ठरलं. जाळल्यावर ऊर्जा तर प्रत्येक प्लास्टिकमधून निघते. त्यामुळे पुडी वाचली. माझ्या दृष्टीने या देशातल्या प्लास्टिक धोरणातली सगळ्यात महागडी ओळ ती आहे.

पर्वतीचा पायथा:

@साचा, फार चांगला प्रतिसाद. पुण्यातलं सांगते. इथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे. डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने उभी राहिली. त्यातूनच २००८ मध्ये 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली आणि महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. आमच्या इमारतीत येणाऱ्या ताई माझ्यासमोर सुका कचरा निवडतात. बाटली, दूधपिशवी, शाम्पूची कडक बाटली, तेलाचा डबा हे त्यांचं उत्पन्न. चॉकलेटची कागदं, सॅशे, पुड्या हे त्यांच्यासाठी निव्वळ वजन. ते वाहून न्यायचं, त्याचा वास सोसायचा आणि हातात काही नाही.

२०१६ च्या घनकचरा नियमांत कचरावेचकांचा उल्लेख आला आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घ्यावं असं म्हटलं गेलं, ही मोठीच गोष्ट होती. पण आता घाट घातला जातो तो यंत्रं आणि मोठ्या ठेकेदारांचा. ठेव-परतावा (घेताना थोडे पैसे जास्त भरायचे, रिकामी वस्तू दिली की ते परत) आणायचा असेल तर तो या बायकांच्या पोटावर पाय देणारा नको. बाटली दुकानात परत गेली तर त्यांच्या पिशवीत काय उरणार? हा प्रश्न मी विरोध म्हणून विचारत नाही. योजना आखतानाच गोळा करण्याचं काम आणि त्याचा मोबदला त्यांच्या संस्थेकडे असायला हवा, एवढंच म्हणते.

कृष्णाकाठ:

मला हे सगळं फार गुंतागुंतीचं वाटतं. आपल्या लहानपणी दूध पितळी भांड्यात यायचं, भाजी कापडी पिशवीत. लोकांनी घरून पिशवी नेली तर कायद्याची गरजच नाही. शासनाने काहीही केलं तरी पळवाट काढणारे आपणच. ५० पैशांसाठी मध्यमवर्गीय माणूस पिशवी परत करायला जाणार नाही. आणि ५० पैशांचं नाणं आज दिसतं तरी कुठे?

रानजाई:

@कृष्णाकाठ, कापडी पिशवी मीही वापरते आणि सगळ्यांनी वापरावी. पण दूध पिशवीत येतं, तेल पाऊचमध्ये येतं, डिटर्जंट सॅशेत येतं. ते कशात भरायचं हे मी ठरवत नाही. दोन रुपयांचा सॅशे घेणाऱ्या बाईला 'घरून बाटली आणा' असं सांगता येत नाही, कारण त्या भरून देणारं दुकानच नाही. ग्राहकाच्या सवयी बदलून सुटणारा भाग सुटलाच पाहिजे, पण उरलेल्या भागाची जबाबदारी बनवणाऱ्याची आहे.

आणि मध्यमवर्गीय माणूस परत करायला गेला नाही तरी चालेल. त्याच्या घरी काम करणाऱ्या मावशी नेतील, पोरं नेतील, कचरावेचक नेतील. पैसे वस्तूवर आहेत, ते कुणी उचलायचे हे ठरलेलं नाही. त्यातच या कल्पनेची ताकद आहे.

नेकारतीर:

जर्मनीतून लिहितोय. इथे २००३ पासून एकदाच वापरायच्या पेयाच्या बाटल्या-कॅनवर ठेव आहे, सध्या २५ सेंट. सुपरमार्केटच्या दाराशी यंत्र असतं, बाटली आत सरकवली की पावती येते, ती बिलातून वजा होते. ९५ टक्क्यांहून जास्त बाटल्या परत येतात. रानजाई म्हणतात ते इथे रोज दिसतं. लोक उद्यानात रिकामी बाटली कचरापेटीत न टाकता बाजूला ठेवतात, गोळा करणाऱ्याला पेटीत हात घालायला लागू नये म्हणून.

पण एक सांगतो. इथे बाटलीवरचा शिक्का, संकेत सगळं ठरलेलं आहे आणि कंपन्यांनी आपसात ठेवीचा हिशेब कसा करायचा याचे नियमही ठरलेले आहेत. ते नसेल तर एकाच बाटलीवर दोनदा पैसे काढणारे निघतात.

निलगिरीचा रस्ता:

जर्मनीपर्यंत जायला नको. तमिळनाडूत नीलगिरी जिल्ह्यात सरकारी दारू दुकानांतून बाटलीमागे १० रुपये जास्त घेतात आणि रिकामी बाटली परत दिली की १० रुपये परत. मद्रास उच्च न्यायालयाच्या आग्रहामुळे २०२२ मध्ये हे सुरू झालं. जंगलात फुटक्या बाटल्यांनी हत्तींचे आणि इतर जनावरांचे पाय कापत होते, तिथून ही गोष्ट निघाली. मी नोकरीनिमित्त कोइंबतूरला होतो तेव्हा उटीला बऱ्याचदा जाणं व्हायचं. आधी घाटात वळणावळणावर काच दिसायची, नंतर ती झपाट्याने कमी झाली. पुढे ही योजना इतर जिल्ह्यांतही नेली. काचेची बाटली आणि सरकारी दुकान, त्यामुळे हिशेब सोपा, हे मान्य. पण आपल्या देशात लोक १० रुपयांसाठी बाटली परत आणतात हे सिद्ध झालं.

गोव्यानेही २०२४ मध्ये ठेव-परतावा योजनेची अधिसूचना काढली आहे. त्यात फक्त बाटल्या नाहीत, बहुथरी वेष्टनंही घेतली आहेत. साचा यांच्या पुडीचं उत्तर कदाचित तिथे शोधता येईल.

गवळीवाडा:

मी दूध वितरण करतो. वडिलांपासून हाच धंदा. या धाग्यात आमची बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहितो.

पिशवीमागे आम्हाला कमिशन थोडं असतं. पहाटे टेम्पो येतो, क्रेट उतरतात, सातच्या आत घरोघर पोचवायचं. त्यात रिकाम्या पिशव्या मोजून घ्यायच्या, प्रत्येकाला ५० पैसे द्यायचे, तेही सुटे, हे शक्य नाही. उन्हाळ्यात न धुतलेली पिशवी दुपारपर्यंत आंबते. माझा गाळा दहा बाय दहाचा, शेजारी मिठाईवाला. माश्या झाल्या तर तो मला हाकलून देईल. दुसऱ्या कंपनीची पिशवी माझ्याकडे आली तर तिचे पैसे मी का द्यायचे? २०१९ मध्ये आम्हाला कुणी विचारलंच नाही. वरून कागद आला आणि तो तसाच विरला.

पण रानजाई ताईंचा हिशेब वाचला आणि विचार केला. मोजण्याऐवजी वजन केलं तर? धुऊन वाळवलेल्या पिशव्या, आठवड्यातून एकदा, १०० ग्रॅमला १६ रुपये. माझ्याकडे काटा आहे. पैसे हातात न देता महिन्याच्या दूधबिलातून वजा करता येतील, म्हणजे सुट्याचा प्रश्न मिटला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वाहतूक. टेम्पो रोज रिकामे क्रेट घेऊन डेअरीत परत जातोच. त्या क्रेटमध्ये पोतं टाकायला डिझेल जास्त लागत नाही. कंपन्यांनी एकमेकांच्या पिशव्या घ्यायचं ठरवलं आणि आम्हाला किलोमागे हाताळणीचे काही पैसे दिले, तर मी तरी तयार आहे.

एक विनंती सगळ्यांना, आजपासून. पिशवीचा कोपरा कापताना पूर्ण तोडू नका, लोंबता ठेवा. तो एवढासा तुकडा कुणाच्याही हाती लागत नाही, थेट मोरीत आणि तिथून नाल्यात जातो.

साचा:

@गवळीवाडा, दादा, १०० ग्रॅमला १६ रुपये हे गणित मला फार आवडलं. आमच्या बाजूने सांगतो: स्वच्छ, एकाच जातीचा एलडी माल मिळाला तर दाण्याची प्रत सुधारते आणि भाव चांगला मिळतो. आज भंगारातून येणाऱ्या मालात माती, तेल, इतर प्लास्टिक मिसळलेलं असतं, धुण्यातच बराच माल आणि पाणी जातं.

नियमबोध:

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी जोडते.

एक, १२० मायक्रॉनची पिशवी चालते असं बरेच दुकानदार सांगतात. केंद्राच्या नियमात ती चालते. महाराष्ट्राच्या २०१८ च्या अधिसूचनेने मात्र हाताची पिशवी, मग ती कितीही जाडीची असो, बंद केली. राज्याला केंद्रापेक्षा कडक नियम करता येतो. हा फरक नीट समजावून न सांगितल्यामुळे दुकानदार फसतात.

दोन, कागदावर आज परताव्याऐवजी दुसरा मार्ग निवडलेला आहे. १६ फेब्रुवारी २०२२ ला केंद्राने उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची (म्हणजे माल विकल्यावर वेष्टनाच्या कचऱ्याची जबाबदारीही उत्पादकाचीच) मार्गदर्शक तत्त्वं काढली. वेष्टनांचे प्रकार पाडले: कडक, लवचीक, बहुथरी, विघटनशील. उत्पादक आणि आयातदारांना लक्ष्य दिलं. कडक प्लास्टिकची २०२४-२५ मध्ये ५० टक्के पुनर्प्रक्रिया, ते वाढत २०२७-२८ ला ८० टक्के. लवचीक आणि बहुथरीला ३० पासून ६० टक्के. शिवाय नव्या वेष्टनात काही टक्के पुनर्प्रक्रिया केलेलं प्लास्टिक वापरण्याची सक्ती. माझ्या मते हा भाग उत्तम आहे, कारण त्यामुळे साचा यांच्यासारख्यांच्या दाण्याला गिऱ्हाईक मिळतं.

पण कंपनीने स्वतः गोळा करायची गरज नाही, पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडून प्रमाणपत्र विकत घेतलं की झालं. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत अवघ्या चार कंपन्यांनी सुमारे ६ लाख खोटी प्रमाणपत्रं तयार केल्याचं निघालं. त्या कंपन्या गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या होत्या. न झालेल्या कामाचा कागद विकला गेला. दूधपिशवीच्या परताव्यात हे कठीण आहे, कारण तिथे काट्यावर खरोखरचं प्लास्टिक ठेवावं लागतं आणि पैसे घेणारा माणूस समोर असतो. म्हणून रानजाईंच्या कलमाला माझा मनापासून पाठिंबा आहे. प्रमाणपत्रांच्या जोडीला ते हवंच.

वेंगुर्लेकर:

आमच्या वेंगुर्ल्याचं नाव कुणीच घेतलं नाही! नगरपरिषदेने कचरा घरातच वेगवेगळा करून घ्यायला लावला, कचरा डेपोचं पर्यटन स्थळ केलं, प्लास्टिकचे तुकडे करून ते डांबरी रस्त्यात वापरले. डांबरात प्लास्टिक मिसळायची पद्धत मदुराईच्या प्रा. वासुदेवन यांची, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या पुडीला भंगारात भाव नाही, तिला रस्ता हा एक पर्याय आहे. गाव लहान, अधिकारी खमका आणि लोक तयार, म्हणून जमलं. मोठ्या शहरात हे जसंच्या तसं होईल असा दावा नाही.

पर्वतीचा पायथा:

@वेंगुर्लेकर, कौतुक आहेच. फक्त रस्ता किंवा भट्टी हा पुडीचा शेवटचा पर्याय असावा. तो सोपा झाला की पुडी बदलायची कंपनीला गरज उरत नाही. एकाच जातीच्या प्लास्टिकची पुडी बनवता येते का, हा प्रश्न त्यांना विचारत राहिला पाहिजे.

कृष्णाकाठ:

गवळीवाडा यांचा प्रतिसाद वाचून माझं मत बरंचसं बदललं. बिलातून वजावट ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. आमच्या घरी रोज तीन पिशव्या येतात, म्हणजे महिन्याला ४५ रुपये. आमच्या सोसायटीत ९० घरं आहेत. हे पैसे सोसायटीने एकत्र घेतले तर सफाई करणाऱ्या ताईंच्या पगारात घालता येतील.

रानजाई:

सगळ्यांचे आभार. मी माहितीच्या अधिकारात अर्ज करते आहे, पर्यावरण विभागाकडे. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, म्हणून मोजके प्रश्न घेतले आहेत:

२३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेतील दूधपिशवी परताव्याच्या तरतुदीनुसार आजवर किती दूध उत्पादकांनी गोळा करण्याची योजना सादर केली. त्यानुसार किती केंद्रं सुरू झाली, जिल्हावार. तरतुदीचं पालन न केल्याबद्दल किती दूध उत्पादकांवर कारवाई झाली. ही तरतूद आज लागू आहे की रद्द झाली, रद्द झाली असल्यास त्या आदेशाची प्रत.

काही राहिलं असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत सांगा.

नियमबोध:

एक वाढवा: ज्या दूध उत्पादकांनी पिशवीवर परताव्याची किंमत छापली, त्यांच्याकडे परत न आलेल्या पिशव्यांची किती रक्कम जमा राहिली आणि ती कोणत्या खात्यात आहे. आणि 'का' असं काही विचारू नका, कारणं विचारली की अर्ज त्याच मुद्द्यावर फेटाळतात. फक्त नोंदी आणि प्रती मागा.

गवळीवाडा:

ताई, अर्जाची एक प्रत इथे टाका. आमच्या वितरकांच्या गटात फिरवतो. दोघेतिघे आपापल्या तालुक्यातून असाच अर्ज करायला तयार आहेत.